विमानाला सोळा तास, फराळाला दहा दिवस: मुंबई ते न्यूयॉर्कचा हिशेब

व्हिडिओत फळ्यावर जे गणित घाईघाईत मांडलं, ते इथे नीट लिहून देतोय. वही-पेन जवळ घ्या. कॅल्क्युलेटर मोबाईलमध्ये आहेच.

प्रश्न साधा आहे. मुंबईहून न्यूयॉर्कला विमानाने अंतर किती आणि वेळ किती? मोबाईलवर विचारलं तर दोन सेकंदांत उत्तर येतं: साधारण १२,५०० किलोमीटर, आणि थेट विमान असेल तर सोळा तासांच्या आसपास. उत्तर बरोबर आहे. पण याच बरोबर उत्तराच्या भरवशावर पहिल्या वर्षी मी गिऱ्हाइकाला शब्द दिला आणि तोंडघशी पडलो.

माझं फरसाण-मिठाईचं दुकान. आमच्या गल्लीतल्या एक काकू फराळाची ऑर्डर द्यायला आल्या. मुलगा न्यू जर्सीला, सुनेची तिथली पहिलीच दिवाळी. "पोचेल ना रे वेळेत?" त्यांनी दोनदा विचारलं. मी तिथेच मोबाईल बघितला आणि ऐटीत सांगितलं, "काकू, विमान सोळा तासांत जातं. इकडचे-तिकडचे धरून चार दिवस. निश्चिंत राहा." वसुबारसेच्या पाच दिवस आधी खोकं पाठवलं. ते पोचलं दिवाळी उलटून गेल्यावर, तुळशीच्या लग्नाच्या सुमारास. चिवडा सादळलेला, आणि ओल्या नारळाच्या करंज्या उघडल्या उघडल्या टाकून द्याव्या लागल्या. लक्ष्मीपूजनाला सुनेने दुकानातून आणलेली बिस्किटं ताटात ठेवली होती. मी पैसे परत केले. काकूंनी ते घेतले, एक शब्द बोलल्या नाहीत, आणि पुढची दोन वर्षं दुकानात आल्या नाहीत.

कुरिअरवाल्यावर ओरडून झालं, मग बिलं आणि ट्रॅकिंगचे कागद घेऊन बसलो. तेव्हा लक्षात आलं की चूक माझीच होती. मी विमानाचा वेळ बघितला होता, खोक्याचा नाही. हे दोन वेगळे हिशेब आहेत. दोन्ही करून बघू. आधी विमानाचा, कारण तो आला की दुसरा सोपा जातो.

नकाशावर पट्टी ठेवू नका

शाळेच्या भिंतीवरचा जगाचा नकाशा आठवा. मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत पट्टी ठेवून रेघ मारली तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागर ओलांडून जाते. आपल्याला वाटतं विमान असंच जात असणार. त्या नकाशावरच्या सरळ रेघेने खरंच गेलात तर अंतर भरतं सुमारे १४,२०० किलोमीटर. पण सर्वांत जवळचा रस्ता आहे १२,५०० चा. सतराशे किलोमीटरचा फरक, म्हणजे जवळपास दोन तासांचं उड्डाण!

कारण पृथ्वी गोल आहे आणि नकाशा सपाट. घरात पोरांचा पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या. एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि ताणून धरा. दोरा पश्चिमेला जायच्या ऐवजी वर सरकतो. मुंबईतून निघताना त्याची दिशा उत्तरेकडे, थोडीशी पश्चिमेला कललेली. सर्वांत वर तो जवळजवळ ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत जातो, म्हणजे आइसलंड ज्या उंचीवर आहे तिथपर्यंत, आणि मग खाली उतरत अमेरिकेला टेकतो. पृथ्वीगोल नसेल तर नारळ घ्या, चालेल. व्हिडिओत मी नारळच घेतला होता.

आता दोऱ्याचं दुसरं टोक न्यूयॉर्कवरून उचलून सॅन फ्रान्सिस्कोवर ठेवा. न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को अंतर चार हजार किलोमीटरहून जास्त. मग मुंबईहून सॅन फ्रान्सिस्को साडेसोळा हजार असायला हवं ना? नाही. ते सुमारे १३,५०० आहे, न्यूयॉर्कपेक्षा जेमतेम हजार किलोमीटर जास्त. कारण तिकडचा दोरा मुंबईतून निघून उत्तरेला, थोडा पूर्वेकडे झुकत जातो आणि ध्रुवाच्या बाजूने पलीकडे उतरतो. हे मी का सांगतोय? "कॅलिफोर्निया म्हणजे अमेरिकेच्या पार त्या टोकाला, तिथलं भाडं जास्त" असं म्हणून गिऱ्हाइकाकडून जादा पैसे घेणारे मी पाहिलेत. माझा कुरिअरवाला दोन्हीकडे एकच दर लावतो. तुमच्याला विचारा. अंदाजाने दर सांगू नका.

चौदाचे सोळा कसे होतात

मोठं प्रवासी विमान वर स्थिर झाल्यावर साधारण ताशी ९०० किलोमीटरने जातं. १२,५०० भागिले ९००, उत्तर येतं १३.९. म्हणजे चौदा तास. तिकिटावर मात्र सोळाच्या जवळपास. मधले दोन तास कुठे गेले?

थोडे जमिनीवर जातात. तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर लागेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, वर चढणं, खाली उतरणं, या सगळ्यात वेग ९०० नसतो.

थोडे आकाशातल्या हद्दींमुळे. विमान दोऱ्यावरून जात नाही. ज्या देशांनी वाट दिली त्यांच्यावरून जातं. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यापासून अमेरिकन कंपन्यांची विमानं रशियावरून उडत नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांसाठी आपलं आकाश बंद केलं, आपणही त्यांच्यासाठी बंद केलं. त्याचा जास्त फटका दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना बसला, काहींना मध्ये उतरून इंधन भरावं लागलं. मुंबईला निदान समोर अरबी समुद्र मोकळा आहे.

आणि उरलेला वेळ वारा खातो. जमिनीपासून दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार पट्टे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा जोर जास्त. अमेरिकेला जाताना बराचसा वेळ हा वारा तोंडावर, येताना पाठीवर. म्हणून जाताना सोळा तास लागत असतील तर येताना साधारण साडेचौदा-पंधरा लागतात. अंतर तेच, वेळ वेगळा. आपल्याकडे घाट चढताना आणि उतरताना एसटीचं जे होतं तेच.

तिकिटावरची फसगत

पुढच्या गोष्टीत भलेभले गोंधळतात. समजा, विमान मुंबईहून रात्री २:०० ला सुटलं आणि तिकिटावर न्यूयॉर्कला पोचायची वेळ आहे त्याच दिवशी सकाळी ७:३०. वजाबाकी केली तर साडेपाच तास! आणि परतीचं विमान तिथून दुपारी १२:०० ला सुटतं, मुंबईत पोचतं दुसऱ्या दिवशी दुपारी १:०० ला. वजाबाकी केली तर पंचवीस तास!

दोन्ही खोटं. तिकिटावर सुटायची वेळ सुटणाऱ्या गावची असते आणि पोचायची वेळ पोचणाऱ्या गावची. न्यूयॉर्क आपल्या मागे आहे, हिवाळ्यात साडेदहा तास. पहिल्या वजाबाकीत साडेदहा मिळवा: ५.५ अधिक १०.५, सोळा तास. दुसरीतून साडेदहा वजा करा: २५ वजा १०.५, साडेचौदा. आले ना बरोबर?

वेळेचा फरक पाठ नसेल तर एक दुकानदारी युक्ती आहे. जातानाचा आणि येतानाचा 'खोटा' वेळ मिळवा आणि अर्धा करा. ५.५ अधिक २५ म्हणजे ३०.५, त्याचं अर्धं सव्वापंधरा. हा झाला एका बाजूच्या उड्डाणाचा खरा सरासरी वेळ. एका बाजूला जेवढे तास कमी दिसतात तेवढेच दुसऱ्या बाजूला जास्त दिसतात, म्हणून फरक आपोआप कटतो. जगातल्या कुठल्याही दोन शहरांना हे लागू पडतं.

साडेदहा हा आकडा वर्षभर टिकत नाही, हेही लिहून ठेवा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेत घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे आणतात. म्हणजे उन्हाळ्यात फरक साडेनऊ तासांचा. आपली दिवाळी नेमकी या बदलाच्या आसपास येते. २०२४ ला तर भाऊबीज आणि घड्याळबदल एकाच दिवशी होता, ३ नोव्हेंबरला. त्या दिवशी बहिणींनी ठरवलेले व्हिडिओ कॉल किती चुकले असतील, देव जाणे. आपल्या कामाचा मुद्दा असा की ट्रॅकिंगवर "आउट फॉर डिलिव्हरी, सकाळी ९" असं दिसतं तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात वाजलेले असतात. गिऱ्हाईक दुपारी फोन करून "अजून पोचलं कसं नाही?" विचारतं, तेव्हा तिकडे मध्यरात्र असते.

आता खोक्याचा हिशेब

विमानाचं झालं. आता खोक्याच्या मागे मागे चालू. हे आकडे माझ्या वहीतले आहेत, गेल्या काही वर्षांत पाठवलेल्या पार्सलांचे. तुमच्या गावाचे थोडे वेगळे येतील, म्हणून तुमची वही तुम्ही घाला.

आमच्या गावातून खोकं संध्याकाळी उचललं जातं आणि मुंबईच्या हबला पोचेपर्यंत एक ते दोन दिवस जातात. गाडीचा रस्ता पाच-सहा तासांचा, पण गाडी भरल्याशिवाय निघत नाही. हबवर वजन, माप, एक्स-रे, कागद तपासणं. मग कस्टम. यात एक ते दोन दिवस, दिवाळीच्या तोंडावर तीन. मग विमानाची वाट. प्रत्येक उड्डाणाला माल द्यायची एक शेवटची वेळ असते, तिला कट-ऑफ म्हणतात, आणि ती उड्डाणाच्या कितीतरी तास आधी असते. कट-ऑफ दहा मिनिटांनी हुकली की खोकं उद्याच्या विमानाला. शिवाय बराचसा माल प्रवासी विमानाच्या पोटातच जातो. सुट्ट्यांत प्रवाशांच्या बॅगा जास्त, म्हणून मालाला जागा कमी.

मग एकदाचं उड्डाण. पण ते थेट असेलच असं नाही. खोकं दुबई किंवा लंडनमार्गे जातं. गंमत बघा, अंतराच्या हिशेबाने त्यात फारसं नुकसान नाही. मुंबई ते लंडन सुमारे ७,२०० आणि लंडन ते न्यूयॉर्क सुमारे ५,५५०, मिळून १२,७५०. थेट अंतरापेक्षा फक्त अडीचशे किलोमीटर जास्त! दुबईमार्गे सुमारे तेरा हजार. म्हणजे लांबचा वळसा नाहीच. वेळ जातो तो उतरवण्यात, दुसऱ्या विमानाची वाट बघण्यात आणि पुन्हा चढवण्यात, आरामात बारा ते चोवीस तास.

पलीकडे पोचल्यावर तिकडचं कस्टम, एक ते तीन दिवस. खाण्याचा माल विक्रीसाठी जातो तेव्हा तिकडच्या अन्न-औषध खात्याला माल पोचायच्या आधी सूचना द्यावी लागते. तिला प्रायर नोटिस म्हणतात. तुमचा एजंट ती भरतो का, हे तोंडी नाही, लेखी विचारा. त्यानंतर घरापर्यंत एक ते तीन दिवस, आणि मध्ये शनिवार-रविवार आला तर आणखी दोन.

सगळं मिळवा. चांगलं गेलं तर सात दिवस, साधारण दहा, आणि सणाच्या गर्दीत चौदा. दहा दिवसांचे तास २४०. त्यात हवेतले सोळा. शेकड्याला सातसुद्धा नाहीत! आणि मी काकूंना शब्द दिला होता तो या सातच्या जिवावर. उरलेले त्र्याण्णव तास खोकं कुठल्यातरी फळीवर, पट्ट्यावर किंवा गाडीत पडून असतं, उन्हात, दमट हवेत, दुसऱ्या खोक्यांच्या खाली.

थेट विमानवाला महाग कुरिअर घेतला तर? यातला फार तर एखादा दिवस वाचतो. कुरिअर निवडताना "तुमचं विमान थेट आहे का?" हा प्रश्न म्हणूनच मी शेवटी विचारतो. पहिला प्रश्न असतो, "मुंबईच्या हबवर माल किती वाजेपर्यंत पोचला तर त्याच रात्री निघतो?"

एक छोटी गोष्ट पाकिटांची. विमानाच्या आत हवेचा दाब साधारण आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढाच ठेवलेला असतो, म्हणजे समुद्रकिनाऱ्याच्या पाऊण पट. त्यामुळे बंद पाकिटातली हवा फुगते. चिवड्याचं पाकीट दुकानात टम्म फुगवून सील केलंत तर वर जाऊन शिवण सुटू शकते आणि मग चिवडा सादळतो. माझ्या काकूंच्या खोक्यात नेमकं हेच झालं असावं. आता आम्ही पाकीट हाताने थोडं दाबून, हवा कमी करून सील करतो. दिसायला पाकीट मलूल दिसतं, पण पोचतं शाबूत.

उलटं मोजायचं

तारीख मागून पुढे नाही, पुढून मागे मोजायची. २०२६ चं लक्ष्मीपूजन रविवारी, ८ नोव्हेंबरला आहे. शनिवार-रविवारचा भरवसा नको, शुक्रवारही हाताशी राखून ठेवू. म्हणजे खोकं न्यू जर्सीत गुरुवारी, ५ नोव्हेंबरला पोचायला हवं. सणाच्या गर्दीचे चौदा दिवस मागे जा: २२ ऑक्टोबर. त्या वर्षी दसरा २० ऑक्टोबरला आहे. म्हणजे दसऱ्यानंतर दोनच दिवसांनी खोकं दुकानातून बाहेर पडलं पाहिजे. दुकानात अजून आकाशकंदीलसुद्धा लागलेले नसतील, आणि अमेरिकेचा फराळ तळून, गार करून, पॅक झालेला पाहिजे! आमच्याकडे आता परदेशाची ऑर्डर दसऱ्याला बंद. आचाऱ्याला पहिल्या वर्षी हे विचित्र वाटलं, पण त्याचा फायदाही झाला. गावातली गर्दी सुरू व्हायच्या आधी भट्टी रिकामी नसते.

दिवस ठरले की पदार्थ आपोआप ठरतात. चौदा दिवस वाटेत आणि वर आठवडाभर घरात, म्हणजे तीन आठवडे टिकेल तेच खोक्यात. बेसनाचे लाडू, शंकरपाळे, कडबोळी, शेव, भाजक्या पोह्यांचा चिवडा. करंजी सुक्या खोबऱ्याच्या सारणाची. ओला नारळ नाही, खवा नाही, पाकातलं काही नाही. गिऱ्हाईक कितीही म्हणालं तरी नाही. चकली पाठवतो, पण वेगळ्या डब्यात, आणि चार तुटतील असं आधीच सांगून.

चौदा दिवस धरूनसुद्धा कधी कधी हिशेब कोलमडतो. २०२५ चं उदाहरण ताजं आहे. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला अमेरिकेत जी करमाफी होती ती २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली. कर कोणी आणि कसा गोळा करायचा हेच स्पष्ट नसल्याने आपल्या टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं. ते पुन्हा सुरू झालं १५ ऑक्टोबरला. लक्ष्मीपूजन होतं २१ ला! मुंबई ते न्यूयॉर्क अंतर एक किलोमीटरनेही वाढलं नव्हतं. विमानं रोज सोळा तासांतच जात होती. त्यामुळे दरवर्षी गणपती झाले की मी कुरिअरवाल्याकडे जातो आणि त्या महिन्यातला नियम, कर आणि तो कर कोण भरणार, हे तिन्ही लिहून घेतो. मागच्या वर्षीचा कागद या वर्षी चालत नाही.

गिऱ्हाइकाला काय सांगायचं, ते शब्दही देऊन ठेवतो. आमच्या दुकानातून ऑर्डर घेताना हाच मेसेज जातो, हवा तर जसाच्या तसा घ्या:

"आपलं पार्सल २२ ऑक्टोबरला निघेल. पोचायला साधारण १० ते १४ दिवस लागतील. विमान एका दिवसात पोचतं, पण दोन्ही देशांची तपासणी आणि सुट्ट्या यांना वेळ लागतो. ५ नोव्हेंबरपर्यंत न मिळाल्यास आम्ही स्वतः आपल्याला फोन करू. तिकडची वेळ बघूनच करू."

शेवटचं वाक्य गाळू नका. गेल्या वर्षी त्या काकू आल्या, मेसेज वाचला आणि म्हणाल्या, "आता घड्याळ बघायला शिकलास वाटतं." दोन किलो बेसनाचे लाडू आणि एक किलो चिवडा, न्यू जर्सी. दसऱ्याच्या आधी ऑर्डर दिली होती त्यांनी.